दूर उभी असलेली आकृती : बीबीसीच्या जुन्या नाताळ-भयकथांचा संच

‘अ वॉर्निंग टू द क्युरिअस’ या सुमारे पन्नास मिनिटांच्या चित्रपटात भूत जवळजवळ सगळा वेळ लांबच असते. ओहोटीने उघड्या पडलेल्या वाळूच्या पट्ट्यावर, पाइन वृक्षांच्या रांगेच्या टोकाशी, नाहीतर वाटेच्या वळणावर एक काळी आकृती उभी दिसते आणि आपण नीट पाहू लागेपर्यंत दृश्य बदललेले असते. पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्यातली निम्मी दर्शने मला कळलीच नव्हती. दुसऱ्यांदा पाहताना ती आकृती आधीपासूनच तिथे होती हे लक्षात आले आणि तेव्हा वाटलेली भीती पहिल्या वेळेपेक्षा जास्त होती. असा अनुभव देणारी कलाकृती पन्नासएक वर्षांपूर्वी, नाताळच्या सुटीत, घराघरांतल्या लहान पडद्यासाठी तयार झाली होती. म्हणूनच ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने दोन खंडांत ब्लू-रेवर आणलेल्या ‘अ घोस्ट स्टोरी फॉर ख्रिसमस’ या मालिकेच्या संचाविषयी सविस्तर लिहावेसे वाटले.

बीबीसीने 1971 ते 1978 या काळात दर नाताळाला एक याप्रमाणे आठ भयकथा प्रसारित केल्या. पहिल्या पाच एम. आर. जेम्स यांच्या कथांवर, सहावी चार्ल्स डिकन्स यांच्या कथेवर आणि शेवटच्या दोन स्वतंत्र पटकथांवर बेतलेल्या आहेत. आठवी वगळता सर्वांचे दिग्दर्शन लॉरेन्स गॉर्डन क्लार्क यांनी केले. या मालिकेची पूर्वपीठिका म्हणता येईल असा जोनाथन मिलर यांचा 1968 सालचा ‘व्हिसल अँड आय विल कम टू यू’ हा कृष्णधवल चित्रपटही संचात आहे आणि त्याच कथेचे 2010 सालचे नवे रूपांतरही आहे.

जेम्स हे मध्ययुगीन हस्तलिखितांचे मोठे अभ्यासक होते आणि केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचे व पुढे ईटन शाळेचे प्रमुख होते. नाताळच्या दिवसांत मित्रांना आपल्या खोलीत जमवून, मेणबत्तीच्या उजेडात स्वतः लिहिलेली भूतकथा वाचून दाखवण्याचा त्यांचा परिपाठ होता. त्या कथा मुळात कानांसाठी आहेत. त्यांतला निवेदक सावकाश बोलतो, एखाद्या जुन्या नोंदवहीतला उतारा कोरडेपणाने वाचून दाखवतो, आणि भयंकर गोष्ट अर्ध्या वाक्यात सांगून पुढे सरकतो. दूरचित्रवाणीसमोर पेच असा, की कॅमेऱ्याला अर्धे वाक्य बोलता येत नाही. समोर असते ते त्याला दाखवावेच लागते, आणि दाखवले की भीती ओसरते. या संचातले कोणते रूपांतर जमले आणि कोणते फसले, याचा निवाडा मी याच एका प्रश्नावर करतो : जेम्स यांच्या निवेदनातल्या संयमाला दिग्दर्शकाने पडद्यावर कोणता पर्याय शोधला?

मिलर यांनी शोधलेला पर्याय विलक्षण आहे. मूळ कथेतला प्राध्यापक पार्किन्स तरुण, टापटिपीचा आणि बोलण्यात काटेकोर आहे. मिलर यांनी त्याला उतारवयाचा केला आणि ती भूमिका मायकेल हॉर्डर्न यांना दिली. हॉर्डर्न यांचा प्राध्यापक सतत काहीतरी पुटपुटतो, खाताना हुंकार देतो, आपल्याच विनोदावर खुदकन हसतो, आणि समोरच्या माणसाशी बोलण्याऐवजी स्वतःच्या शब्दांशी खेळत बसतो. न्याहरीच्या टेबलावर भुतांविषयी त्याला प्रश्न विचारला जातो तेव्हा तो हॅम्लेटचे सुप्रसिद्ध वाक्य उलटे फिरवून, स्वर्गात आणि पृथ्वीवर स्वप्नातही नसतील इतक्या गोष्टी तत्त्वज्ञानात आहेत, असे मोठ्या समाधानाने सांगतो. त्या समाधानातच त्याच्या पुढच्या अवस्थेचे बीज आहे, कारण ज्याने आयुष्यभर शब्दांची तटबंदी बांधली त्याच्यावर असे काही चालून येते, ज्याच्याशी बोलताच येत नाही. समुद्राने कातरलेल्या कड्यावरच्या जुन्या कबरीतून त्याला एक शिटी मिळते. तिच्यावर लॅटिनमध्ये कोरलेले असते : हा जो येत आहे, तो कोण?

चित्रीकरण इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, डनिच आणि वॉक्सम या भागांत झाले. डनिच हे एके काळचे भरभराटीचे बंदर शतकानुशतके समुद्राच्या पोटात गेले आहे. तिथले ऑल सेंट्स चर्चही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कड्यावरून टप्प्याटप्प्याने खाली कोसळले. त्यामुळे कड्याच्या काठावरची ती कबर पाहताना, मेलेल्यांना इथे जमीनही पुरत नाही, हे न सांगता समजते. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. वारा, लाटा, पलंगाची करकर आणि हॉर्डर्न यांचा श्वास एवढेच ऐकू येते. शेवटी जे उठते ते पलंगावरची चादर आहे. लिहिताना हे हास्यास्पद वाटते, पण पाहताना हसू येत नाही, कारण त्या क्षणी प्राध्यापकाच्या तोंडून शब्द फुटत नाही. लहान मुलासारखा एक घुसमटलेला आवाज तेवढा निघतो. हा चित्रपट ‘ऑम्निबस’ या कलाविषयक कार्यक्रमात प्रसारित झाला होता, आणि एखाद्या माणसाचा अभ्यास करावा अशी त्याची शिस्त आहे. संचात एकच चित्रपट पाहण्याइतका वेळ असेल, तर निवड या आणि ‘द सिग्नलमन’ या दोहोंपैकी करावी.

क्लार्क यांची वाट वेगळी आहे. ते माहितीपटांतून आले होते, आणि भूत आणण्यापूर्वी प्रेक्षकाचा जागेवर विश्वास बसला पाहिजे हे त्यांना पक्के ठाऊक होते. ‘द स्टॉल्स ऑफ बारचेस्टर’ हा 1971 सालचा पहिला चित्रपट स्टुडिओतल्या पुठ्ठ्याच्या भिंतींमध्ये घडला असता तर केव्हाच विसरला गेला असता. तो नॉरिचच्या कॅथीड्रलमध्ये चित्रित झाला. तिथला दगड, लाकूड आणि उंच कमानींखाली साठून राहिलेला अंधार खरा आहे. रॉबर्ट हार्डी यांनी रंगवलेला धर्माधिकारी वरिष्ठाच्या मृत्यूची वाट पाहून पाहून थकतो आणि शेवटी त्या मृत्यूची व्यवस्था करतो. गुन्ह्याचे साधन अगदी घरगुती आहे, जिन्यावरची जाजमाची एक सळई. पुढे प्रार्थनास्थळातल्या लाकडी कोरीव कामावर टेकलेल्या त्याच्या हाताला मांजराच्या केसांचा स्पर्श होतो. दिसत काहीच नाही. हार्डी यांचा हात मागे जातो आणि त्यांचे डोळे आपल्याला सांगतात. हा क्षण उत्तम आहे. चित्रपटाचा पूर्वार्ध मात्र संथ आहे, आणि चौकट म्हणून वापरलेला ग्रंथालयातला भाग कथेत शोभला तरी पडद्यावर लांबतो.

त्या संथपणातून क्लार्क किती झपाट्याने शिकले ते पुढच्याच वर्षीच्या ‘अ वॉर्निंग टू द क्युरिअस’मध्ये दिसते. कथेतला पॅक्स्टन हा पोरसवदा, सुखवस्तू हौशी माणूस आहे. क्लार्क यांनी त्याला मंदीच्या काळातला, नोकरी गेलेला, मध्यमवयीन कारकून केले आणि ती भूमिका पीटर व्हॉन यांच्याकडे सोपवली. हा बदल मला मूळ कथेपेक्षाही सरस वाटतो. पुरलेल्या धनाला राखणदार असतो ही कल्पना मराठी वाचकाला नवी नाही. पण धन उकरणारा नुसता लोभी असला की त्याच्या शिक्षेचे आपल्याला फारसे काही वाटत नाही. हा पॅक्स्टन झिजलेल्या बुटांना पॉलिश करतो, आपले दारिद्र्य झाकतो, आणि आयुष्यात एकदा तरी आपले नाव व्हावे एवढ्यासाठी अँग्लिया या पूर्व इंग्लंडमधल्या प्राचीन राज्याच्या पुरलेल्या राजमुकुटाच्या शोधात येतो. मुकुट हाती लागताच त्याला पहिल्यांदा प्रतिष्ठा मिळते, आणि त्याच क्षणापासून तो एकटा राहत नाही. रेल्वेच्या डब्याचे दार धरून उभा असलेला हमाल त्याच्या मागे आणखी कोणी चढणार आहे असे समजून थांबतो, या साध्या कल्पनेत जेवढी भीती आहे, तेवढी आजच्या कित्येक भयपटांच्या शेवटच्या अर्ध्या तासात नसते.

कथा सफोकच्या ऑल्डबरोवर बेतलेल्या गावात घडते; चित्रपट नॉरफोकच्या होल्कम आणि वेल्स या किनाऱ्यांवर घेतला आहे. तिथे भरती-ओहोटीमधले अंतर एवढे मोठे आहे की माणूस वाळूत मुंगीएवढा दिसतो. छायांकनकार जॉन मॅकग्लॅशन यांनी हिवाळ्याचा तो फिकट, तिरका उजेड असा पकडला आहे की दुपारीसुद्धा संध्याकाळ झाल्यासारखे वाटते. भूतकथा रात्रीच घडली पाहिजे हा समज इथे पार मोडतो. माझ्या मते ही या संपूर्ण मालिकेची सर्वांत मोठी देणगी आहे : भर दिवसा, उघड्या आभाळाखाली, लपायला जागा नाही म्हणून वाटणारी भीती.

‘लॉस्ट हार्ट्स’विषयी अनेक रसिकांशी माझे मत जुळत नाही. 1973 च्या नाताळच्या दिवशी दाखवलेल्या या चित्रपटाची सुरुवात सुंदर आहे. धुक्यातून येणारी घोडागाडी आणि शेतात उभी राहून हात हलवणारी दोन मुले विसरता येत नाहीत. पण पुढे ती मुले वारंवार आणि जवळून दिसतात. त्यांची लांब नखे, निळसर चेहरे आणि ‘हर्डी-गर्डी’ या वाद्याची घरघरती धून यांचा परिणाम पहिल्या वेळी जबर होतो, तिसऱ्या वेळी आपण रंगभूषा न्याहाळू लागतो. जोसेफ ओ’कॉनर यांनी रंगवलेला वृद्ध विद्वान मात्र भुतांपेक्षा भीतिदायक आहे. अनाथ मुलाच्या आगमनाचा त्याला होणारा निखळ आनंद पाहताना मनात पाल चुकचुकत राहते, आणि ती कशासाठी हे कळते तेव्हा अंगावर काटा येतो.

‘द ट्रेझर ऑफ ॲबट थॉमस’साठी पटकथाकार जॉन बोवेन यांनी जर्मनीतली कथा इंग्लंडमध्ये आणली आणि मृतांशी बोलण्याचा दावा करणाऱ्या भोंदूंच्या बैठकीचा एक नवा प्रसंग घातला. मायकेल ब्रायंट यांचा विद्वान सॉमरटन त्या भोंदूंना युक्तिवादाने नामोहरम करतो. हा प्रसंग जेम्स यांच्या कथेत नाही, पण त्यांच्या वृत्तीशी सुसंगत आहे, कारण बुद्धीचा गर्व तिथे आधीच प्रस्थापित होतो. मग तोच माणूस रंगीत काचेच्या खिडकीतल्या संतांच्या चित्रांतून कूटलेख उलगडत जातो, आणि शोधाचा आनंद हळूहळू हव्यासात बदलतो. त्या कोड्याची उकल पाहताना मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो होतो, हे सांगायला हरकत नाही.

‘दि ॲश ट्री’मध्ये मात्र संयम सुटला. पटकथाकार डेव्हिड रडकिन यांनी दोन पिढ्यांचे सरदार एकाच नटाकडून, एडवर्ड पेदरब्रिज यांच्याकडून करवून घेतले आणि काळाचे दोन थर एकमेकांत मिसळले. पूर्वजाने चेटकीण ठरवून फासावर दिलेल्या स्त्रीचा वारसा नव्या मालकाच्या शय्येपर्यंत कसा पोचतो, हे त्या मिश्रणातून प्रभावीपणे उमटते. पण जेमतेम अर्ध्या तासात एवढे सारे बसवताना सामान्य प्रेक्षकाचा धागा सुटतो. शेवटी झाडातून येणारे कोळी, ज्यांना तान्ह्या मुलांचे चेहरे आहेत, ते कॅमेऱ्यासमोर इतका वेळ राहतात की आपल्याला बाहुल्या दिसू लागतात. जेम्स यांनी ते प्राणी एका अंधाऱ्या खोलीत, पलंगावरच्या अस्पष्ट हालचालीतून सूचित केले होते; तेवढेच पुरेसे होते.

1976 चा ‘द सिग्नलमन’ पाहण्यापूर्वी डिकन्स यांच्या आयुष्यातली एक घटना माहीत असावी. 9 जून 1865 रोजी स्टेपलहर्स्टजवळ त्यांची गाडी एका छोट्या पुलावर रुळांवरून घसरली. पुलाचे काम चालू असल्याने रूळ काढलेले होते. मुकादमाने वेळापत्रक पाहण्यात चूक केली, आणि लाल झेंडा घेतलेला माणूस नियमाप्रमाणे 1000 यार्डांवर उभा असायला हवा होता तो अवघ्या 554 यार्डांवर होता. चालकाला इशारा दिसला, पण गाडी थांबवण्याइतके अंतर उरले नव्हते. दहा प्रवासी मरण पावले. डिकन्स यांचा डबा खाली लोंबकळत राहिला. त्यातून बाहेर पडून त्यांनी जखमींना पाणी आणि ब्रँडी पाजली. त्या अपघाताची भीती त्यांना आयुष्यभर सोडून गेली नाही, आणि बरोबर पाच वर्षांनी, त्याच तारखेला त्यांचे निधन झाले. अपघातानंतर दीड वर्षाने, 1866 च्या नाताळ अंकात, त्यांनी बोगद्याच्या तोंडाशी एकट्याने काम करणाऱ्या सिग्नलवाल्याची कथा प्रसिद्ध केली. त्याला इशारा मिळतो, पण कशाचा आणि कधीचा ते कळत नाही. स्टेपलहर्स्टचा तो उशिरा दिसलेला झेंडा मनात ठेवून ही कथा वाचली, की तिच्यातले भूत म्हणजे वेळेवर न पोचलेली सूचनाच आहे असे वाटू लागते.

अँड्र्यू डेव्हिस यांनी या कथेची जी पटकथा केली तिला मी रूपांतराचा आदर्श मानतो. सिग्नलवाला आणि प्रवासी अशी जवळजवळ दोनच पात्रे, खोल दरीत उतरणारी रेल्वेची वाट, एक खोली, एक शेगडी, एक घंटा. सिग्नलवाल्याच्या भूमिकेत डेनहोम एलियट आहेत. त्यांनी या माणसाला वेडसर केलेले नाही, हेच त्यांचे मोठेपण. तो अत्यंत कर्तव्यदक्ष, विनयशील आणि अचूक बोलणारा नोकर आहे. नोंदवही नीट लिहितो, पाहुण्याला चहा देतो, घंटा वाजली की बोलणे अर्धवट सोडून उठतो. फक्त कधी कधी घंटा वाजलेली नसतानाही उठतो. एलियट यांच्या आवाजातला थरकाप इतका बारीक आहे की तो त्यांच्या सभ्यतेचाच भाग वाटावा. “धोका आहे हे मी वर कळवले, तर कुठे म्हणून विचारतील, मग काय सांगू?” अशा अर्थाचे त्याचे गाऱ्हाणे ऐकताना भुताची भीती मागे पडते आणि जबाबदारी आहे पण अधिकार नाही अशा माणसाचे दुःख समोर येते.

चित्रीकरण सेव्हर्न व्हॅली रेल्वेवर झाले. ओल्या दगडांच्या भिंती, बोगद्याच्या तोंडावरचा लाल दिवा आणि वाफेत विरघळणारा इंजिनाचा आकार यांना कोणत्याही सजावटीची गरज पडली नाही. आवाजाचे काम तर वेगळे उल्लेखण्यासारखे आहे : तारांमधून जाणारा वारा, घंटेची उठण्यापूर्वीची सूक्ष्म थरथर आणि गाडी येण्याआधी रुळांतून येणारी गुणगुण. हा चित्रपट हेडफोन लावून पाहावा. मूळ कथेत नसलेला एक चेहरा शेवटी क्षणभर दिसतो, आणि एरवी अशा भरीला माझा विरोध असतो. इथे तो चेहरा खटकत नाही, कारण त्याच्या तोंडाचा आकार आपण आधी कुठे पाहिला आहे याचा विचार डोक्यातून जात नाही.

उरलेल्या दोन चित्रपटांबाबत थोडक्यात. ‘स्टिग्मा’ (1977) एव्हबरीच्या प्राचीन शिलावर्तुळाच्या परिसरात, तेव्हाच्या वर्तमानकाळात घडतो. बागेतला दगड हलवल्यावर घरातल्या बाईला जखमेशिवाय रक्तस्राव होऊ लागतो. कल्पना जबरदस्त आहे, मांडणी क्रूर आहे, नाताळच्या कथेची ऊब तिच्यात नाही. ‘दि आइस हाउस’ (1978) मी दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा त्याच्या संवादांची कृत्रिमता आड आली.

या मालिकेचे एक भाग्य असे, की ती 16 मिलिमीटर फिल्मवर घेतली गेली. त्या काळात दूरचित्रवाणीची बहुतेक नाटके व्हिडिओ टेपवर ध्वनिचित्रमुद्रित होत. टेप महाग असे आणि ती पुसून पुन्हा वापरली जाई. एबीसी या ब्रिटिश दूरचित्रवाणी कंपनीने 1966 मध्ये सुरू केलेल्या ‘मिस्ट्री अँड इमॅजिनेशन’ या मालिकेत जेम्स यांच्याही कथा होत्या, ‘लॉस्ट हार्ट्स’ही होती. एबीसीच्या काळातले तिचे केवळ दोन भाग पूर्ण स्वरूपात उरले आहेत. त्यांतल्या एडगर ॲलन पो यांच्या अशर घराण्याच्या कथेत हेच एलियट प्रमुख भूमिकेत आहेत. अल्जरनॉन ब्लॅकवुड यांच्या कथांवरची 1961 ते 1963 मधली ‘टेल्स ऑफ मिस्ट्री’ तर एकूणएक नाहीशी झाली. प्रसारण ही हवेत विरून जाणारी गोष्ट आहे असे मानण्याचा तो काळ होता, आणि त्याची किंमत आपण मोजतो आहोत. जे वाचले ते या संचात किती जपून मांडले आहे, याचे मोल त्यामुळे अधिकच जाणवते.

नव्या संस्करणात चित्राचा दर्जा खूप सुधारला आहे. पूर्वीच्या डीव्हीडीमध्ये कॅथीड्रलचा अंधार एकसलग काळा दिसे. आता त्यात लाकडाच्या रेषा आणि मागचे कोपरे उमटतात. फिल्मचा मूळ दाणा, म्हणजे चित्रात दिसणारा बारीक खरखरीतपणा, पुसून टाकलेला नाही, ही संपादकांची समज कौतुकास्पद आहे. पूरक साहित्यात क्लार्क यांची प्रास्ताविके आहेत. ती चित्रपटानंतर पाहावीत, कारण ते मोकळेपणाने बोलतात आणि रहस्यही मोकळेपणाने सांगतात. 2010 च्या ‘व्हिसल’मध्ये जॉन हर्ट यांचा अभिनय हेलावून टाकतो, परंतु त्यात शिटीच नाही, कथेचे नाव ठेवून कथेचा प्राण बदलला आहे, हे मला मान्य होत नाही.

सगळे चित्रपट सलग पाहू नयेत. एका रात्री एक, तोही दिवे मालवून, आणि पहिल्यांदा पाहताना पात्रांच्या मागची जागा न्याहाळण्याचा मोह टाळून. ‘अ वॉर्निंग टू द क्युरिअस’ मात्र आठवड्याने पुन्हा लावावा आणि पॅक्स्टन जंगलात एकटाच खणत असतो त्या प्रसंगी त्याच्याकडे न पाहता झाडांकडे पाहावे.